अर्ध्या मॅचचं गाव

गडचिरोली,
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप भाईजान यांस,
धाकट्या जाहिदचा सलाम आणि सा. न. वि. वि.

सलाम अब्बांनी शिकवला, सा. न. वि. वि. देवाजी मास्तरांनी छडी दाखवून शिकवलं. दोन्ही आता सुटत नाहीत. मोबाईल असताना पत्र लिहितो म्हणून भाभी हसतील, हसू द्या. फोनवर दोन वाक्यं झाली की मला धाप लागते आणि अमिना हातातून फोन काढून घेते. वडिलांचा फोन काढून घेणारी पोरगी मीच वाढवली, तक्रार कोणाकडे करू? कागदावर मात्र कितीही बोललं तरी खोकला येत नाही.

आपल्या नवजवान फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीने, लोकेशने, बातमी कळवली. रेल्वेच्या फाट्यालगतचं आपलं सायडिंग ग्राउंड नव्या खुल्या खाणीत जाणार आणि या सव्वीस जानेवारीची मॅच तिथली शेवटची. आपली जुनी खाण बंद पडली तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात होतो ना, तिथे शेजारच्या खाटेवर बुधू नावाचे धानोऱ्याकडचे एक म्हातारे होते. मोहफुलं आणि तेंदूपानं यांच्यापलीकडे त्यांना जगाची फिकीर नाही. त्यांना आपल्या ग्राउंडची गोष्ट सांगितली. म्हटलं, आमच्याकडे मॅच अशी लावायचे की हाफ टाइमला बरोबर खाणीचा भोंगा वाजावा. पहिला हाफ पाहायचे दुसऱ्या शिफ्टला जाणारे, न्हाऊन-धुऊन, ग्राउंडकाठच्या टेकडीवर डबा मांडीवर घेऊन. भोंगा वाजला की ते उठून खाणीत जायचे आणि पहिल्या शिफ्टचे लोक वर येऊन, कोळशाने माखलेल्या तोंडांनी, त्यांच्याच जागांवर बसायचे. ग्राउंडवरच्या पोरांना मान वर केली की कळायचं, टेकडी पांढरी म्हणजे पहिला हाफ, टेकडी काळी म्हणजे दुसरा. आम्हा दोघा भावांत सायकल एकच, म्हणून शिफ्टा मुद्दाम उलट्या. भाईजान पहिल्या हाफाचे, मी दुसऱ्या हाफाचा. फाटकात मी सायकलचं हँडल त्यांच्या हातात द्यायचो, ते मला स्कोअर द्यायचे. बाकीची मॅच रात्री घरी आल्यावर एकमेकांना सांगायची.

बुधूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मंग पुरी मॅच पाह्यली कोनं? कोणीच नाही पाहिली, भाईजान. एवढ्या वर्षांत आपल्या गावातल्या एकाही माणसाने आपल्याच क्लबची घरची मॅच पूर्ण पाहिलेली नाही.

म्हणून सव्वीसला यावं म्हणतो. एकदा तुमच्या शेजारी बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. भाभींना सलाम. माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा,
जाहिद

•

गडचिरोली,
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बडे अब्बू यांस,
अमिनाचा सलाम. शि. सा. न. वि. वि.

हे पत्र अब्बांच्या नकळत लिहिते आहे. घरात फोन केला तर भिंतीआडून ऐकतात. कानाला काही झालेलं नाही त्यांच्या, जे झालंय ते छातीला.

तुम्हाला त्यांनी खरं किती सांगितलं असेल मला माहीत नाही. मी ज्या दवाखान्यात नर्स आहे तिथल्याच डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो मला दाखवला. खाणीतली धूळ अजून आत आहे आणि ती आता निघणार नाही. डॉक्टरांनी एवढंच बजावलं, की आणखी धूळ आत जाता कामा नये. गडचिरोलीची हवा आहे, झाडं आहेत, म्हणून चाललंय. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकांमागून एक फेरी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

ते सव्वीस तारखेचं बोलतात. रात्री झोपेत हसतात. मला त्यांचं मन मोडवत नाही, म्हणून तुमच्याकडे पदर पसरते. तुम्ही 'ये' म्हणालात तर ते माझं ऐकणार नाहीत. तुम्ही 'नको' म्हणालात तर कदाचित ऐकतील. मॅच एकच आहे, पण मला बापही एकच आहे.

बडी अम्मींच्या गुडघ्यांना तेल लावता का? रागावू नका माझ्यावर. आशीर्वाद असावा.

तुमचीच लेक,
अमिना

•

घुग्घुस,
१४ जानेवारी २०२५

चि. जाहिदमियाँ यास,
अनेक आशीर्वाद. इकडे खुशाली, तिकडची कळवत जा.

तुझं पत्र मिळालं. तू येण्याचं लिहिलंस, पण मला विचारशील तर त्यात काही अर्थ नाही. यंदा आपल्या टीमात दम नाही. समोर गडचांदूरची सिमेंटवाल्यांची टीम आहे, ती चार गोल मारून जाईल आणि आपण तोंड लपवत घरी येऊ. ग्राउंडवर गवताचं पातं उरलेलं नाही. गर्दीही व्हायची नाही. मागच्या मॅचला टेकडीवर माणसं कमी आणि बकऱ्या जास्त होत्या. तिथे बसून धूळ खाण्यापेक्षा तू घरी चहा पीत बस.

तुझ्या भाभीच्या गुडघ्यांमुळे मीसुद्धा जातो की नाही, खात्री नाही. ती म्हणते, तुमाले का गोल माराचा हाय का तिथी जाऊन. बरोबरच आहे तिचं.

एक गंमत तेवढी सांगतो. लोकेशला क्लबच्या खोलीत जुना हाताने फिरवायचा भोंगा सापडला. वीज गेली की खाणीवर वाजवायचे तोच. त्याने रॉकेलने धुतला, ग्रीस घातलं, आणि काल संध्याकाळी थोडासा फिरवून पाहिला. जाहिद, मी बाजारात भेंडी निवडत होतो. आवाज आला आणि माझ्या हातातली भेंडी खाली पडली. भाजीवाली, रस्त्यावरचे लोक, सगळे जागच्या जागी थांबले. सव्वीसला हाफ टाइमला तो वाजवणार आहेत म्हणे.

पण हे काही फार महत्त्वाचं नाही. सहज लिहिलं. बघितलंस तर मॅच अगदीच फालतू आहे. तब्येतीला जप, अमिनाचं ऐकत जा, ती शहाणी आहे. माझ्यावरचा राग पुढच्या पत्रापर्यंतच ठेव.

तुझा,
हाफिज

•

गडचिरोली,
१८ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप भाईजान यांस,
सलाम व सा. न. वि. वि.

खोटं बोलणं तुम्हाला लहानपणीही जमलं नाही. अब्बांची विडी मी चोरायचो आणि चेहरा तुमचा उतरायचा. भोंग्याबद्दल पान भरून लिहायचं आणि वर म्हणायचं येऊ नको! अमिनाने तुम्हाला लिहिलं हे मला तुमच्या 'ती शहाणी आहे' वरूनच कळलं. एरवी तुम्ही तिला झाशीची राणी म्हणता.

तिच्यावर रागावलेलो नाही. तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिने काय पाहिलं ते मला माहीत आहे. ती माझा श्वास मोजते, आणि मी झोपेचं सोंग घेऊन तिला मोजू देतो. चिंता करू नका, तिला दुखावण्यासारखं मी काही करणार नाही.

फक्त माझं एक मागणं आहे. रिटायर झाल्यावरही तुम्ही हाफ टाइमला उठून घरी जाता, हे मला लोकेशने सांगितलं. खाण बंद, शिफ्ट बंद, मी इकडे, आणि तुम्ही निघून जाता. का, म्हणून विचारलं तर म्हणे दुसरा हाफ जाहिदचा आहे. भाईजान, असं कोणी करतं का? या वेळी थांबा. माझ्या वाट्याचं तुम्ही पाहा. एवढी वर्षं तुम्ही खाली खाणीत पाणी उपसायच्या पंपावर उभं राहून दुसऱ्या हाफाचा नुसता आवाज ऐकलात. खाणीत हवा सोडणाऱ्या विहिरीतून गोलचा गलका खाली यायचा, पण कोणाचा गोल ते कळायचं नाही, आणि तुम्ही शिफ्ट संपेपर्यंत तळमळायचात. निदान एकदा तो आवाज वर बसून ऐका.

भाभींना सांगा, गोल मारायला कोणी जात नाही, हाक मारायला जातात. लोभ कमी करू नका.

तुमचा,
जाहिद

•

घुग्घुस,
२८ जानेवारी २०२५

चि. अमिना हीस,
बडे अब्बूंचे अनेक आशीर्वाद.

तुझे अब्बा सुखरूप आहेत. या क्षणी आत तुझ्या बडी अम्मीशी चहात साखर किती यावरून भांडत आहेत. परवा फोनवर तू रडत होतीस आणि मीही धड बोलू शकलो नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतो. तू शुक्रवारी त्यांना न्यायला येशीलच, पण त्याआधी हे तुझ्या हातात पडावं. बेटी, मी त्याला बोलावलं नाही. मी माझ्या परीने 'नको' लिहिलं होतं. कसं लिहिलं ते विचारू नकोस.

सव्वीसला मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो. ती टेकडी तू लहानपणी पाहिली आहेस. खाली कोळसा खणताना जो दगड निघाला तो वर टाकत गेले, त्याची झाली. म्हणजे ज्यावर बसून आम्ही मॅच पाहायचो ते आम्हीच पाताळातून काढलेलं. निम्मी टेकडी भरली होती. मला वाटलं एवढेच लोक येणार होते. पहिल्या हाफाचं काही लिहीत नाही, तुला फुटबॉलचं काय कळणार.

मग रेफ्रीने शिट्टी वाजवली आणि लोकेशने भोंगा फिरवला.

अमिना, माझे पाय माझ्या आधी उठले. मी ठरवून आलो होतो की थांबायचं, तुझ्या अब्बाने तसं लिहिलं होतं. पण तो आवाज कानात गेला आणि मी पिशवी उचलली, धोतर झटकलं आणि टेकडी उतरायला लागलो. एकटा मीच नाही. माझ्या आजूबाजूचे सगळे म्हातारे उतरत होते, कोणी काठी टेकत, कोणी सुनेचा हात सोडवून. शिफ्टला उशीर होऊ नये अशा चालीने आम्ही फाटकाकडे निघालो.

फाटकाबाहेर दुसऱ्या हाफाचे लोक उभे होते. सायडिंगच्या भिंतीला धरून, दुपारपासून. त्यांना कुठे काम नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं, आत जागाही होती. पण भोंगा झाल्याशिवाय आत जायचं नसतं, हे इतकं अंगात मुरलेलं, की कोणालाच आत यावंसं वाटलं नाही. भोंगा झाला आणि ते आत निघाले, आम्ही बाहेर निघालो, आणि फाटकात दोन्ही गर्द्या समोरासमोर आल्या.

मी त्यांची तोंडं पाहिली. बेटी, मी त्या माणसांना आयुष्यभर फक्त कोळशात पाहिलं होतं. डोळे आणि दात एवढेच ओळखीचे. त्या दिवशी सगळे न्हाऊन, पांढरे सदरे घालून आले होते. मला कित्येक जण ओळखूच आले नाहीत. ते बोलले तेव्हा आवाजावरून कळलं, की अरे हा तर अमका, हा तर तमका. आम्ही एकमेकांकडे पाहत उभे राहिलो.

तेवढ्यात चण्याची गाडी लावणाऱ्या मीराबाईने ओरडून विचारलं, की अरे कुठी जाऊन राह्यले तुमी समदे, खदान तं कवाचीच बंद झाली ना! कोणी तरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता काहींचे डोळे भरून आले. माझेही आले. जायला शिफ्ट नव्हती. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

आणि त्या गर्दीत तुझा बाप उभा होता. तोंडाला तुझी ओढणी गुंडाळलेली, हातात पिशवी. झेंडावंदनाला जातो म्हणून तुमच्या घरातून निघाला, झेंड्याला सलाम केला आणि तिथून मूल गावावरून येणारी बस धरली, असं त्याने नंतर सांगितलं. मी म्हटलं, उशिरा आलास. तर म्हणतो, वेळेवरच आलो, माझी मॅच हाफ टाइमलाच सुरू होते. माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते, सायकलचं हँडल धरायला. त्या हातांत त्याने आपले हात दिले. ते गार होते आणि त्याला धाप लागली होती. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू.

सगळं गाव टेकडी चढू लागलं. पहिल्या हाफाचे आणि दुसऱ्या हाफाचे, एकाच वेळी. जाहिद माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होता आणि एवढ्या पायांनी धूळ उठायला लागली. त्याला खोकल्याची उबळ आली. त्याने खिशातून तो तोंडात मारायचा पंप काढला. पुढे चालणाऱ्या एकाने मागे वळून पाहिलं. त्याने स्वतःची पाण्याची बाटली उघडली आणि आमच्या पायांपुढे रस्त्यावर ओतली. मग त्याच्या शेजारच्याने ओतली. मग बायकांनी डब्यांतलं, पोरांनी बाटल्यांतलं. मीराबाईने घागर आणली. फाटकापासून वरपर्यंत आमच्यापुढे रस्ता ओला होत गेला आणि तुझा बाप त्या ओल्या मातीवरून वर गेला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. या गावात ती खोकल्याची उबळ कशाची, हे सांगावं लागत नाही.

वर बसून मी खाली पाहिलं, तर मॅच सुरूच झाली नव्हती. दोन्ही टीमची पोरं ग्राउंडच्या मध्यभागी उभी राहून टेकडीकडे पाहत होती. दगड दिसतच नव्हता, नुसती माणसं. आमचं गाव एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. निम्मं नेहमी जमिनीखाली असायचं ना! रेफ्रीसुद्धा शिट्टी हातात धरून पाहत राहिला. मला नमाजाच्या आधी होते तशी शांतता वाटली.

शेवटाकडे गडचांदूरच्या पोराने गोल केला आणि बरोबरी झाली. आपल्यावर गोल झाला, तरी टेकडी ओरडली. या ग्राउंडवरचा हा शेवटचा गोल, हे सगळ्यांना एकदमच समजलं असावं. तो गलका उठला आणि मी जाहिदचा हात घट्ट धरला. हाच आवाज मी पंपावर उभा राहून ऐकायचो, पाण्यातून, दगडातून, विहिरीतून येणारा. मला वाटायचं वर आभाळ फाटलं असेल. खरोखरच तसं होतं, बेटी. मी खाली होतो तेव्हा माझ्या डोक्यावर हे एवढं होतं.

तू रागावणार, रागाव. पण आधी त्याच्या तोंडाकडे पाहा, मग रागाव. तो पोटभर जेवतो आहे, मी औषधं वेळेवर देतो आहे. आमच्यावर मेहेरनजर असू दे.

तुझा,
बडे अब्बू

•

गडचिरोली,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप भाईजान यांस,
जाहिदचा सलाम आणि सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. अमिना घुग्घुसपासून मूलपर्यंत एक शब्द बोलली नाही. मूलच्या पुढे जंगल लागलं तेव्हा तिने हळूच विचारलं, की अब्बा, पाणी खरंच सगळ्यांनी ओतलं का? मी हो म्हटलं. मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं ते गडचिरोली येईपर्यंत. तुमचं पत्र तिने आपल्या कपाटात ठेवलं आहे, मला वाचायला मागून घ्यावं लागतं.

छातीचा नवा फोटो काढला. डॉक्टरांनी औषध वाढवलं. तुमच्यापासून काय लपवू, मला जिन्याच्या दोन पायऱ्यांवर आता थांबावं लागतं. पण जीव शांत आहे. लोकेशने कळवलं की ग्राउंडला तारेचं कुंपण पडलं आणि गोलचे खांब त्याने उपटून क्लबच्या खोलीत नेऊन ठेवले. पोरं शाळेच्या पटांगणात खेळतात आणि एकमेकांवर आदळतात म्हणे, जागा पुरत नाही. नवं ग्राउंड मिळेल तेव्हा मिळेल.

काल बुधूभाऊ दवाखान्यात तपासणीला आले होते. मला पाहून त्यांनी पहिलं तेच विचारलं, की मंग, आता तरी पुरी मॅच पाह्यली का कोनं? मी मोठ्या ऐटीत हो म्हणणार होतो, भाईजान, आणि मनात मोजायला लागलो. तुम्ही पाहिली. दोन्ही हाफ पाहिलेत. गावातले अर्धे लोक आता पूर्ण मॅचचे झाले. मी कुठे पाहिली? मी तर हाफ टाइमला आलो.

आणि तुम्ही मला पहिला हाफ सांगितलाच नाहीत! फाटकात हात धरलेत, स्कोअरही दिला नाहीत. नंतर चार दिवस साखर आणि गुडघे आणि औषधं यांत गेले. अमिनाला धाडलेल्या पत्रातही लिहिलंत, पहिल्या हाफाचं काही लिहीत नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गोल आपला झाला एवढं लोकांकडून कळलं, पण लोकांकडून कळलेला गोल काय कामाचा? पास कोणी दिला, उजव्या बाजूने गेला की डाव्या, गोली कुठे पडला, हे मला तुमच्याच तोंडून कळत आलं आहे.

तरी पत्रात लिहू नका. लिहिलंत तर मी वाचून टाकीन आणि मॅच संपेल. मोहफुलं पडायला लागली की इकडे रस्ता छान असतो. भाभींना घेऊन या, सावकाश या, आणि माझ्यासमोर बसून पहिल्या शिट्टीपासून सांगा. अमिनाला मी सांगून ठेवलं आहे, की मॅच अजून अर्धी बाकी आहे, तोवर मी कुठे जात नाही.

वाट पाहतो. माया असू द्या.

तुमचा,
दुसऱ्या हाफाचा जाहिद